नियमित व्यक्तिगत लेखन : सवय, वाचक आणि कोड्याची प्रतीक्षा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
१. नियमित व्यक्तिगत लेखनाचे स्वरूप आणि त्याची मराठीतील पूर्वपीठिका सांगता येईल.
२. लेखनाची सवय लावून घेण्याचे व ती टिकवण्याचे मार्ग स्पष्ट करता येतील.
३. जालावरील लेखनाला वाचक कसा मिळतो, याचे विवेचन करता येईल.
४. कोडे आणि लेखन यांतील साम्य ओळखून 'प्रतीक्षा' या तत्त्वाचा स्वतःच्या लेखनात उपयोग करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ललित निबंध, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, दैनंदिनी हे गद्यप्रकार तुमच्या परिचयाचे आहेत. हे सर्व प्रकार 'मी'च्या अनुभवाभोवती उभे राहतात. त्यांचा अभ्यास करताना आपण लेखकाची दृष्टी, त्याची भाषा आणि त्याचे व्यक्तिमत्त्व यांचा विचार करतो. हे लेखन वाचणारा कोण, तो कोठून येतो आणि एकदा आलेला वाचक पुन्हा का येतो, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. छापील पुस्तकाच्या बाबतीत त्याची काळजी प्रकाशक आणि ग्रंथविक्रेता वाहतात. जालावर मात्र लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी उभे नसते. त्यामुळे तेथे हा प्रश्न थेट लिहिणाऱ्याच्याच वाट्याला येतो.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, व्यवसाय किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. दिवसाच्या शेवटी उरलेल्या अर्ध्या तासात काही लिहावे, अशी इच्छा अनेकांना असते. लेखनाला सुरुवातही होते. पण ते चार-सहा आठवड्यांत थांबते. थांबण्याची कारणे विचारली, तर दोन उत्तरे हमखास मिळतात. 'वेळ मिळत नाही' हे पहिले आणि 'वाचतो कोण?' हे दुसरे. ही दोन उत्तरे वेगवेगळी वाटली, तरी त्यांचा उगम एकच आहे. लेखकाला लिहिण्याची सवय नसेल, तर वाचकालाही येण्याची सवय लागत नाही. वाचक येईनासा झाला, की लेखकाची उरलीसुरली सवयही सुटते. हे चक्र उलट दिशेने कसे फिरवावे, याचा विचार या घटकात करावयाचा आहे. त्यासाठी आपण एका अनपेक्षित क्षेत्राकडे, म्हणजे कोड्यांच्या खेळाकडे, पाहणार आहोत. माणसाला उद्याची वाट पाहायला कसे लावावे, हे कोडे रचणाऱ्याला फार चांगले कळते.

२. पूर्वपीठिका

ठरावीक काळाने, स्वतःच्या नावाने वा टोपणनावाने, स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयांवर लिहीत राहणे म्हणजे नियमित व्यक्तिगत लेखन होय. त्याचे आजचे परिचित रूप म्हणजे ब्लॉग. मराठीत त्यासाठी 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे प्रतिशब्द योजले गेले. 'वेबलॉग' हा मूळ इंग्रजी शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरात आणला आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने केलेल्या पदच्छेदातून 'ब्लॉग' हे संक्षिप्त रूप तयार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली. त्यामुळे संगणकाची आज्ञावली न लिहिताही स्वतःचे पान चालविणे शक्य झाले.

साधन नवे असले, तरी ही वृत्ती नवी नाही. लंडनमध्ये १ मार्च १७११ रोजी जोसेफ ॲडिसन आणि रिचर्ड स्टील यांनी 'स्पेक्टेटर' हे पत्र सुरू केले. रविवार वगळता ते रोज निघे आणि ६ डिसेंबर १७१२ पर्यंत त्याचे ५५५ अंक निघाले. बहुधा प्रत्येक अंकात एकच निबंध असे. त्याचा विषय कधी कॉफीगृहातील गप्पा, कधी पोशाखाची तऱ्हा, तर कधी एखादे काव्य असे.

मराठीतील उदाहरणे तर अधिक बोलकी आहेत. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे लिहिण्यास आरंभ केला. पुढे 'शतपत्रे' म्हणून गाजलेल्या या पत्रांची संख्या १०८ आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले आणि सात वर्षांत त्याचे ८४ अंक काढले. त्यांतील मजकूर जवळजवळ सर्वस्वी त्यांचा एकट्याचा होता. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते आणि विष्णुशास्त्रीही 'निबंधमाले'ची पहिली काही वर्षे सरकारी शाळेत शिक्षक होते. म्हणजे मराठी निबंधाचा पाया घालणारे हे लेखन नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात झालेले आहे. ते टिकले, कारण त्याला अंकाची तारीख होती. पुढचा अंक येणार हे वाचकाला ठाऊक होते आणि वाचक वाट पाहत आहे हे लेखकाला ठाऊक होते.

३. लेखनाची सवय

'सुचले की लिहीन' ही भूमिका कवितेच्या बाबतीत कदाचित चालेल. नियमित गद्यलेखनात ती चालत नाही. सवय लावून घेण्यासाठी पुढील चार गोष्टींचा उपयोग होतो.

पहिली गोष्ट म्हणजे वारंवारता. ती उत्साहाच्या दिवशी ठरवू नये. कामाच्या सर्वांत धकाधकीच्या आठवड्यात जेवढे जमेल, तेवढीच ठरवावी. रोज लिहिण्याचा संकल्प करून महिन्याने थांबण्यापेक्षा दर रविवारी एक नोंद लिहून ती वर्षभर चालवणे श्रेयस्कर. वर्षाच्या शेवटी तुमच्याजवळ बावन्न नोंदी असतील. प्रत्येक नोंद पाचशे शब्दांची धरली, तर हे लेखन सव्वीस हजार शब्दांचे, म्हणजे एका छोट्या पुस्तकाएवढे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे टिपण. लिहायला बसल्यावर विषय शोधू नये. विषय आठवडाभर वेचावा. खिशातील लहान वहीत किंवा मोबाइलमध्ये दिवसाला एक ओळ टिपून ठेवावी. ही ओळ मताची नसावी, दिसलेल्या गोष्टीची असावी. 'लोक किती स्वार्थी झाले आहेत' या टिपणातून काही निघत नाही. 'रेशनच्या रांगेत आज पाच चपला ठेवल्या होत्या, माणसे सावलीत बसली होती' या टिपणातून एक संपूर्ण नोंद निघू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे शिल्लक. दोन नोंदी नेहमी लिहून तयार ठेवाव्यात. घरात आजारपण येते, परीक्षा येते, पेरणी येते. अशा आठवड्यात शिलकीतील नोंद प्रसिद्ध करावी आणि सवड मिळताच शिल्लक पुन्हा भरून काढावी. सुगीत कणगी भरून ठेवणाऱ्या घराला हे तत्त्व नवे नाही.

चौथी गोष्ट म्हणजे पुनर्लेखन. लेखन आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्यावी. जालावर बटण दाबताच मजकूर जगापुढे जातो. ही सोय तितकीच धोक्याचीही आहे. सकाळी मोठ्याने वाचून पाहिले, की रागाच्या भरात लिहिलेले वाक्य कानालाच खटकते.

आपली प्रगती तपासा – १
(अ) 'लेखकाच्या सवयीतून वाचकाची सवय निर्माण होते' हे विधान 'निबंधमाले'च्या आधारे स्पष्ट करा.
(आ) तुमच्या आजच्या दिवसातील एक दृश्य एका ओळीत टिपा. त्यात मत येऊ देऊ नका.

४. वाचक मिळणे

वाचक मिळणे म्हणजे आकडा वाढणे, अशी समजूत आज दृढ झाली आहे. पानाला किती जणांनी भेट दिली, किती जणांनी पसंती दर्शवली, हे लेखकाला क्षणोक्षणी दिसत असते. हा आकडा उपयोगी असला, तरी तो अपुरा आहे. पान उघडून दोन ओळींनंतर निघून गेलेला माणूस आणि शेवटपर्यंत वाचून आईलाही वाचून दाखवणारा माणूस यांची मोजणी त्यात सारखीच होते. 'स्पेक्टेटर'च्या दहाव्या अंकात ॲडिसनने रोज खपणाऱ्या तीन हजार प्रतींचा उल्लेख केला आहे आणि प्रत्येक प्रतीमागे वीस वाचक धरून आपला वाचकवर्ग साठ हजारांचा मानला आहे. हा हिशेब त्याच्या अंदाजाचा होता. पण त्यामागील जाणीव महत्त्वाची आहे. एक प्रत हातोहाती फिरते आणि वाचक वाचकाला आणतो. गावातील वाचनालयात एकच दिवाळी अंक सहा घरांतून फिरताना ज्याने पाहिला आहे, त्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

म्हणून आरंभी हजार अनोळखी माणसांचा विचार करू नये. एका ओळखीच्या वाचकाचा करावा. तुमच्या विषयात त्याला रस असावा, मात्र त्याची माहिती तुमच्याहून कमी असावी. त्याला उद्देशून लिहिताना भाषा आपोआप स्पष्ट होते. कोठे समजावून सांगावे आणि कोठे थांबावे, हे कळू लागते.

मराठीत लिहिणाऱ्याने काही व्यावहारिक बाबीही सांभाळल्या पाहिजेत. मजकूर यूनिकोडमध्ये टंकलिखित करावा. यूनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही पुढे कितीतरी वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत तयार होत राहिला. तोच टंक नसलेल्या संगणकावर त्या मजकुराची निरर्थक चिन्हे होत. यूनिकोडमधील मजकूर कोठेही वाचता येतो आणि शोधताही येतो. उलट, परिच्छेदाचे चित्र करून पाठवले, तर ते डोळ्यांना दिसते. परंतु शोधयंत्राला त्यातील शब्द सहजी सापडत नाहीत. शीर्षकाच्या बाबतीतही असेच आहे. 'मनाच्या हिंदोळ्यावर' या शीर्षकाखाली काय आहे, हे कोणाला कळणार? 'भाताची लावणी : कुडाळ तालुक्यातील एक दिवस' हे शीर्षक त्या विषयाचा शोध घेणाऱ्याला थेट तुमच्या दारात आणून सोडते.

वाचक मिळवण्याचा आणखी एक जुना मार्ग म्हणजे स्वतः वाचक होणे. आपल्याच विषयावर लिहिणाऱ्या इतरांचे लेखन वाचावे, त्यांना मनापासून चार ओळी लिहाव्यात आणि आपल्या नोंदीत त्यांचा नामनिर्देश करावा. वाचकाचे पत्र आले, तर उत्तर द्यावे. याउलट, नातेवाइकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप समूहावर प्रत्येक नोंद पाठवत राहिल्यास भिडेपोटी अंगठा मिळतो, वाचक मिळत नाही.

वाचकाची सवय कोणत्या आधारावर उभी आहे, याचेही भान असावे. अनेकांच्या नव्या नोंदी एकाच ठिकाणी आणून देणारी 'गूगल रीडर' ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तिच्यावर विसंबून असलेल्या वाचकांना आपल्या आवडत्या लेखकांपर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट शोधावी लागली. कंपन्या येतात आणि जातात. म्हणून आपल्या लेखनाची एक प्रत स्वतःजवळ असावी आणि नियमित वाचकांचे ई-मेल पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्या वहीत असावेत.

५. कोडे आणि प्रतीक्षा

वाचक एकदा आला. तो पुन्हा का येईल, याचे उत्तर शोधण्यासाठी आता कोड्यांकडे वळू. कोडे ही आपल्या लोकपरंपरेतील जुनी वस्तू आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी घातलेली कोडी, संतांच्या कूटरचना, वृत्तपत्रातील शब्दकोडे या सर्वांत एक समान सूत्र दिसते. सांगणारा सर्व सामग्री समोर ठेवतो, पण जोडणी ऐकणाऱ्याकडे सोपवतो. जोडणी जमली, की ऐकणाऱ्याला होणारा आनंद त्याच्या स्वतःच्या कमाईचा असतो.

अलीकडचे एक उदाहरण पाहू. जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी तयार केलेला 'वर्डल' हा शब्दखेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, एवढाच हा खेळ. अक्षर योग्य जागी पडले तर हिरवा रंग, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा आणि शब्दात नसेलच तर करडा. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ ९० जण खेळले. २ जानेवारी २०२२ रोजी ही संख्या तीन लाखांच्या वर गेली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला.

या यशाची दोन कारणे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे, दिवसाला एकच कोडे असे आणि ते सर्वांना सारखे असे. हवे तेवढे खेळता येत नसल्यामुळे उद्याची वाट पाहावी लागे आणि सर्वांची वाट एकाच कोड्याकडे जात असल्यामुळे त्याविषयी बोलता येई. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. आपण कसे खेळलो हे काही खेळाडू रंगीत चौकोनांच्या चिन्हांनी इतरांना कळवू लागले. ते पाहून वॉर्डल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये तशी सोयच खेळात करून दिली. या चौकोनांत एकही अक्षर नसते. पाहणाऱ्याला खेळाडूची धडपड दिसते. उत्तर मात्र कळत नाही. अनुभव सांगावा आणि तरीही दुसऱ्याचा आनंद हिरावू नये, ही गोष्ट त्या चौकोनांनी साधली.

दुसरे उदाहरण दीर्घ प्रतीक्षेचे आहे. जोनाथन ब्लो या अमेरिकन खेळरचनाकाराचा 'ब्रेड' हा कोड्यांचा संगणकीय खेळ ऑगस्ट २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला. त्यानंतरचा 'द विटनेस' हा खेळ त्यांनी २००९ मध्ये जाहीर केला. तो खेळाडूंच्या हाती पडला २६ जानेवारी २०१६ रोजी. मधल्या सुमारे साडेसहा वर्षांत ब्लो आणि त्यांचे सहकारी या खेळाच्या घडणीविषयी जालावर नोंदी लिहीत होते. एका निर्मनुष्य बेटावर फिरत, फलकांवरील चक्रव्यूहांतून रेषा ओढत कोडी सोडवायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. अशा कोड्यांची संख्या पाचशेहून अधिक आहे. परंतु ती कशी सोडवावीत, याविषयी खेळात एका शब्दाचीही सूचना नाही. पहिल्या फलकावर केवळ एक सरळ रेषा ओढायची असते. त्यानंतरच्या फलकांवर नियम एकेक करून उलगडत जातात आणि ते नियम खेळाडूला स्वतः शोधून काढावे लागतात.

आता या लेखनापुढील पेच पाहा. कोड्यांच्या खेळाविषयी वर्षानुवर्षे लिहायचे, वाचकांचे कुतूहल जागे ठेवायचे आणि कोडी मात्र उघड करायची नाहीत, कारण ती शोधण्यातच खेळाचा सारा आनंद होता. मग लिहायचे कशाविषयी? त्या नोंदींत बेटाचे दृश्यरूप, प्रकाशयोजना, संगणकीय अडचणी आणि त्यांवरील उपाय असे विषय आलेले दिसतात. काम कसे चालले आहे हे वाचकाला दिसत राहिले. कामाचा गाभा मात्र त्याच्यासाठी राखून ठेवला गेला. प्रतीक्षा कशी जोपासावी, याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे. काहीच सांगितले नाही, तर वाचक विसरतो; सगळेच सांगितले, तर त्याला येण्याचे कारण उरत नाही. प्रतीक्षा या दोहोंच्या मध्ये नांदते.

आपली प्रगती तपासा – २
(अ) 'वर्डल'मधील रंगीत चौकोन काय सांगतात आणि काय राखून ठेवतात?
(आ) 'द विटनेस'विषयीच्या नोंदी लिहिताना रचनाकारांपुढे कोणता पेच होता?

६. लेखनातील उपयोजन

हे तत्त्व आपल्या लेखनात कसे आणावे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, तुम्ही एस. टी. महामंडळात वाहक आहात आणि दर रविवारी आपल्या फेऱ्यांविषयी एक नोंद लिहिता. तुमच्या मार्गावरील एका तरुणाविषयी तुम्ही पुढीलप्रमाणे लिहिले :

'आमच्या गाडीत एक मुलगा दर आठवड्याला दोन तिकिटे काढतो. त्याचे वृद्ध वडील पुढच्या थांब्यावर चढतात. त्यांना गर्दीत उभे राहावे लागू नये आणि थरथरत्या हातांनी पैसे मोजावे लागू नयेत, म्हणून तो असे करतो. आजच्या काळात असा मुलगा विरळाच.'

या परिच्छेदातील माहिती पूर्ण आहे, भावना चांगली आहे. परंतु वाचकाला करण्यासारखे त्यात काहीच नाही. उत्तर आधी आले आणि वर निष्कर्षही लेखकानेच काढून दिला. आता हीच माहिती वेगळ्या क्रमाने मांडू :

'तो एकटाच चढला आणि त्याने दोन तिकिटे मागितली. मी मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. शेजारच्या जागेवर त्याने रुमाल टाकला. गाडी भरली होती. एका बाईंनी जागा मागितली, तेव्हा त्याने दुसरे तिकीट दाखवले आणि स्वतः उठून त्यांना आपली जागा दिली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ चढले. त्यांचा हात खिशाकडे गेला. मी म्हटले, "काका, तुमचे तिकीट झाले आहे."'

दुसऱ्या परिच्छेदात 'वडील' हा शब्दही नाही, तरीही वाचकाला नाते कळते. दुसरे तिकीट एक थांबा आधीपासूनचे, म्हणजे थोडे महागच पडले असणार, हेही जाणत्या वाचकाच्या ध्यानात येते. 'एक माणूस आणि दोन तिकिटे' हे कोडे पहिल्याच वाक्यात पडते, त्याची सामग्री हळूहळू हाती येते आणि शेवटची जोडणी वाचक करतो. त्याने ती स्वतः केली म्हणून ती त्याच्या लक्षात राहते आणि पुढच्या रविवारी तो तुमच्या गाडीत पुन्हा चढतो.

या उदाहरणावरून तीन सूत्रे हाती येतात. प्रश्न आधी आणि उत्तर नंतर यावे. सामग्री प्रामाणिकपणे समोर ठेवावी. निष्कर्ष शक्यतो वाचकावर सोपवावा.

७. मर्यादा आणि जबाबदारी

प्रतीक्षेचे तत्त्व प्रभावी आहे. म्हणूनच त्याचा गैरवापरही सहज होतो. 'पुढे जे घडले ते वाचून तुम्ही थक्क व्हाल' अशा धर्तीची शीर्षके आपण रोज पाहतो. त्यांत प्रश्न असतो. पण उत्तर पोकळ असते. चांगल्या कोड्याची कसोटी अशी, की उत्तर कळल्यावर 'हे मला आधीच दिसायला हवे होते' असे वाटले पाहिजे. सोडवणाऱ्याला फसवणारे कोडे तो दुसऱ्यांदा हाती घेत नाही. लेखनाचेही तसेच आहे. वाचकाला थांबवून ठेवण्याचा अधिकार लेखकाला तेव्हाच मिळतो, जेव्हा थांबण्याचे मोल त्याच्याजवळ असते.

दुसरी जबाबदारी इतरांच्या खासगी आयुष्याची आहे. व्यक्तिगत लेखन 'मी'विषयी असले, तरी त्या 'मी'च्या भोवती घर, शेजार आणि सहकारी असतात. वरील उदाहरणातील तरुण खरा असता, तर त्याचा मार्ग, वार आणि वेळ लिहिताच त्याला सारा तालुका ओळखू लागला असता. त्याने वडिलांसाठी गुपचूप केलेली गोष्ट जाहीर करण्याचा अधिकार वाहकाला नाही. अशा वेळी संबंधितांची संमती घ्यावी. ती शक्य नसेल, तर ओळख पटणार नाही एवढा तपशील बदलावा आणि तेही जमत नसेल, तर नोंद वहीतच राहू द्यावी. लेखकाने राखून ठेवण्याच्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही वाचकाने शोधाव्यात म्हणून राखायच्या असतात, तर काही कोणाच्याच नजरेस पडू नयेत म्हणून. हा भेद ज्याला कळला, त्याच्यावर त्याची माणसे आणि त्याचे वाचक दोघेही विश्वास ठेवतात.

तिसरी गोष्ट तुमच्या स्वतःविषयीची आहे. काही महिने नियमित लिहूनही वाचक मोजकेच राहतील, अशी शक्यता आहे. त्यामुळे लेखन वाया जात नाही. आठवडाभर पाहण्याची, टिपण्याची आणि क्रमाने मांडण्याची जी सवय लागते, ती परीक्षेतील उत्तरापासून कार्यालयीन अहवालापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. शिवाय जुन्या नोंदी नाहीशा होत नाहीत. नंतर केव्हातरी आलेला एखादा वाचक पहिल्या नोंदीपासून वाचू लागतो आणि त्याच्या दृष्टीने त्या सर्व नोंदी नव्याच असतात.

८. सारांश

नियमित व्यक्तिगत लेखनाची परंपरा 'शतपत्रे' आणि 'निबंधमाला' यांच्यापासून आजच्या अनुदिनीपर्यंत येते. ठरलेली वारंवारता, रोजचे टिपण, नोंदींची शिल्लक आणि पुनर्लेखन यांतून लेखनाची सवय घडते. एक निश्चित वाचक, यूनिकोडमधील मजकूर, अर्थवाही शीर्षक आणि इतरांचे वाचन यांतून वाचक मिळतो. मिळालेला वाचक टिकतो तो प्रतीक्षेमुळे. 'वर्डल' आणि 'द विटनेस' या खेळांनी दाखवल्याप्रमाणे प्रतीक्षा उभी राहते ती ठरलेल्या वेळेवर, राखलेल्या उत्तरावर आणि वाचकाच्या बुद्धीवरील विश्वासावर. हा विश्वास पोकळ शीर्षकांनी किंवा दुसऱ्याचे खासगी आयुष्य उघड करून मोडू नये.

स्वाध्याय

१. नियमित व्यक्तिगत लेखनाची मराठीतील पूर्वपीठिका थोडक्यात लिहा.
२. 'प्रतीक्षा ही काहीच न सांगणे आणि सगळेच सांगणे यांच्या मध्ये नांदते.' सोदाहरण चर्चा करा.
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी पाहिलेली एक घटना दीडशे शब्दांत लिहा. नंतर निष्कर्षाचे वाक्य काढून टाका, प्रश्न आधी येईल असा क्रम लावा आणि दोन्ही खर्डे एखाद्या सहाध्यायीला वाचून दाखवा. त्याने कोणत्या खर्ड्याविषयी अधिक प्रश्न विचारले, याची नोंद करा.
४. पुढील चार रविवारांसाठी चार विषय निश्चित करा आणि त्यांपैकी पहिल्या दोन नोंदी या आठवड्यातच लिहून शिल्लक ठेवा.